शिवराईवरील दोष : टांकसाळीचे कीं झिजेचे ?

धुळें-जळगांवकडील कांहीं संग्राहकांच्या याद्या नुकत्याच आमच्या पाहण्यांत आल्या. त्यांत अक्षर गळालेली प्रत्येक शिवराई ‘टांकसाळीची चूक’ म्हणून नोंदिली आहे. हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. पोथींत कसरीनें खाल्लेलें अक्षर कोणी लेखकप्रमादांत धरितो काय ?

शिवराईच्या एका अंगास ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’ असतें. ठसा चकतीहून मोठा, म्हणून ‘श्री’ किंवा ‘ति’ कांठाबाहेर जाणें नित्याचेंच. तेथें अक्षर कांठाशीं एकदम तुटतें. उरलेलें ठसठशीत राहतें. झिजेंत उंच भाग आधीं सपाट होऊन रेषा हळूहळू मावळतात. उलटें अक्षर मात्र झीज कधींच उमटवीत नाहीं. तो ठसा खोदणाराचा प्रमाद, आणि त्याच ठशाच्या दुसऱ्या नाण्यावरही तो सांपडावयास हवा.

तिसराही प्रकार आहे. नाशिकनजीक जोगळटेंभी येथें १९०६ सालीं सांपडलेल्या नहपानाच्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकीं ९,००० हून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा मारविला. खालचीं तुटक अक्षरें तेथें ना चूक, ना झीज.

याद्या करणारांनीं निदान चिंचेनें घांसण्यापूर्वीं नाण्याचें वजन करून कागदावर छाप उतरून घ्यावा.