कुंडीतला पाहुणचार

आपल्याकडे घरी आलेल्याला उपाशी जाऊ देत नाहीत. कुंडीतलं झाड तर जाऊच शकत नाही, त्यामुळे त्याला जो आग्रह होतो तो पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयालाही होत नसेल. सकाळी चहाचा चोथा, दुपारी तांदळाचं धुवण, संध्याकाळी केळ्याच्या सालीचं पाणी आणि रविवारी ऑम्लेट झालं की अंड्याची टरफलं. (अंड्याचं नावही न घेणाऱ्या घरांतून ही टरफलं शेजारी मागितलेली मी पाहिली आहेत. गुलाबाला चालतं म्हणे.)

या उपायांवर माझा राग नाही. पण माणूस कॉमर्सचा आणि त्यातून बँकेतला. खात्यात काही जमा केलं असं कोणी म्हणालं की मी स्लिप मागतो. आता हे टरफलच घ्या. जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे जात चुन्याचीच. ते विरघळायला माती आंबट लागते आणि पूड वस्त्रगाळ लागते. आपली देशावरची काळी माती बहुतेक ठिकाणी आधीच चुनखडीची. तिच्यात टरफलं खोचणं म्हणजे झाडाला शब्दशः चुना लावणं. पुढच्या वर्षी कुंडी उपसावी, तर ती न वटलेल्या चेकसारखी जशीच्या तशी परत येतात.

केळ्याची साल त्या मानाने बरी. पाण्यात थोडंफार पोटॅश उतरतं, पण पानं ज्याच्यावर वाढतात तो नत्र त्यात नावापुरताच. चहाच्या चोथ्यात नत्र आहे, आणि बऱ्यापैकी आहे. फक्त तो मुदत ठेवीत आहे. मातीतले जिवाणू तो कुजवून सुटा करतील तेव्हा मुळांच्या हाती लागणार. त्यात आपला चोथा दूध-साखरेत उकळलेला, त्यामुळे मुदत भरण्याआधीच मुंग्या येऊन व्याज उचलून नेतात. तोच चोथा धुऊन, वाळवून, पालापाचोळ्याबरोबर नीट कुजवून घातला तर गुणाचा आहे. पण कुजवायला चार महिने लागतात आणि आग्रह करणाऱ्याला तेवढा दम नसतो.

कढीपत्त्याला आंबट ताक घालतात, त्याची बाजू मात्र मांडता येते. चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आंबटपणाने ते अडकलेलं लोह थोडं सुटतं. थोडंच, हं. एका वाटीत अख्ख्या कुंडीचा स्वभाव बदलत नाही, आणि रोज वाटी ओतली तर गॅलरीत बसवत नाही.

आता विकतचं खत. पाकिटावर १९:१९:१९ लिहिलेलं असतं. शंभर ग्रॅममध्ये नत्र एकोणीस ग्रॅम. स्फुरद आणि पालाश यांचे एकोणीस ऑक्साइडच्या हिशोबाने धरलेले, म्हणजे प्रत्यक्ष माल कमी. आमच्या भाषेत ग्रॉस आणि नेट. तरी आकडा छापलेला आहे, हे मला पासबुकासारखं वाटतं. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने तो छापणं भागच आहे. ‘केमिकल’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एवढंच सांगतो की मुळं नत्र घेतात ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम या रूपात. ते शेणातून आलं की कारखान्यातून, हे मुळं विचारत नाहीत.

पण हा पक्षही धुतल्या तांदळासारखा नाही. काही पुड्यांवर आकड्याच्या जागी नुसता गुलाबाचा फोटो असतो. शिवाय लिटरला एक-दोन ग्रॅम पुरतं, तिथे लोक मूठ मारतात. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं ना? तेच मुळांचं होतं. कुंडी ओली आणि झाड तहानलेलं.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींची तुळस पिवळी पडली, तेव्हा अख्खी बिल्डिंग या दोन पक्षांत वाटली गेली. तुळस साधी नव्हती. कोकणातलं घर विकलं, तेव्हा तिथल्या वृंदावनातल्या मंजिऱ्या आजींनी पदराला बांधून आणल्या होत्या, त्यांचं हे रोप. एका पक्षाने चोथा घातला, दुसऱ्याने युरियाचे दाणे. त्यावर आजींचा रोजचा तांब्याभर पाण्याचा नेम आणि एकादशीचं दूध. मी कुंडी तिरकी करून पाहिली. खालचं भोक मातीने पक्कं बुजलेलं, आतून आंबूस वास. तुळस उपाशी नव्हती, बुडत होती.

भोक मोकळं केलं, वरचा चिखल काढून वाळू मिसळलेली माती घातली, मंजिऱ्या खुडल्या. नेम मोडायचा तर आजी तयार नव्हत्या. शेवटी तांब्याऐवजी संध्येची पळी ठरली. पंधरा दिवसांनी बुंध्याशी दोन हिरवे कोंब दिसले. खुडलेल्या मंजिऱ्यांचं बी आजींनी पुडी बांधून देव्हाऱ्यात ठेवलं आहे. दुधाबद्दल मात्र बोलणी अजून चालू आहेत.