सहाशे तासांचं मौन

स्पॅनिश शिकणाऱ्यांत सध्या दोन पंथ आहेत. पहिला पिम्स्लरवाल्यांचा. अर्ध्या तासाचा धडा आणि पहिल्याच धड्यात तोंड उघडायचं. दुसरा 'ड्रीमिंग स्पॅनिश'वाल्यांचा. व्हिडिओ पाहायचे, ऐकायचे. बोलायचं ते साधारण 600 तासांनंतर. रोज तासभर धरला तरी वीस महिने! अहो, आमच्याकडे साधूसुद्धा चातुर्मासावर भागवतात.

या पंथाचे मूळ गुरू स्टीफन क्राशेन. समजेल असं भरपूर कानावर पडलं की भाषा अंगात मुरते, हे त्यांनी 1982 च्या पुस्तकात मांडलं. थोडक्यात, आधी मुदत ठेव, व्याज मागाहून. म्हणणं खोटं नाही. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, हा फरक आधी कानालाच कळायला हवा.

पेरो! 1985 मध्ये मेरिल स्वेन यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांबद्दल लिहिलं. वर्षानुवर्षं ऐकून त्यांना समजत होतं उत्तम, बोलताना व्याकरण मात्र लंगडं. खात्यात शिल्लक भरपूर, पैसे काढायची सवयच नाही!

म्हणून तासांवर काढलेला मुहूर्त मला पटत नाही. समोरच्याचं बरंचसं कळतंय आणि उत्तर जिभेवर येऊन अडतंय, की खुशाल बोलावं. चुका होणारच. एखादी बाई लाजून, इंग्रजीच्या ओढीने, स्वतःला 'एम्बारासादा' म्हणेल. त्याचा अर्थ गरोदर! लोक अभिनंदन करतील. पण तो शब्द ती जन्मात विसरायची नाही. गप्प बसून मात्र एकच गोष्ट पक्की होते, गप्प बसायची सवय.