‘संप’, ‘दुखवटा’ आणि ‘विलीनीकरण’ : एका कामगारलढ्याची शब्दमीमांसा

सार्वजनिक उपक्रमांतील कामगारविवादांचा विचार बहुधा वेतन व कायदा यांच्या अंगाने होतो. त्यांतील शब्दांकडे दुर्लक्ष होते. एस. टी. महामंडळातील २०२१-२२ चा लढा या दृष्टीने उद्बोधक आहे. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी भत्त्यांविषयी तडजोड होऊन संघटनांच्या कृती समितीने उपोषण मागे घेतले. कामगारांनी मात्र ही तडजोड मानली नाही. नागपूरच्या गणेशपेठ आगारासह राज्यभर गाड्या थांबल्या.

या दुराव्याचे मूळ मागणीच्या शब्दातच दिसते. ‘भत्ता’, ‘वेतनवाढ’ या मोजता येणाऱ्या गोष्टी होत. त्यांत अधिकउणे करता येते आणि त्या अवकाशातच कामगारनेत्याचे कौशल्य पणास लागते. ‘विलीनीकरण’ अर्धेमुर्धे होत नाही. ते होते किंवा होत नाही. म्हणूनच २४ नोव्हेंबर रोजी शासनाने मूळ वेतनात सेवाकालानुसार २,५०० ते ५,००० रुपयांची वाढ जाहीर केली, तरी लढा संपला नाही. मध्यस्थाला उभे राहण्यास जागाच उरली नव्हती.

दुसरा शब्द ‘दुखवटा’. सहकाऱ्यांच्या आत्महत्यांचा दाखला देऊन हा संप नसून दुखवटा आहे, असे सांगितले गेले. मराठीत संप ‘पुकारतात’ आणि ‘मागे घेतात’. दोन्ही क्रियांना उत्तरदायी कर्ता लागतो. दुखवटा ‘पाळतात’, तो कोणी पुकारीत नाही, म्हणून कोणास मागेही घेता येत नाही. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ यातील संपाची व्याख्या संगनमताने काम थांबविण्याच्या कृतीवर आधारलेली होती, तिच्या नावावर नव्हे. त्यामुळे नाव बदलल्याने कृतीचे स्वरूप बदलले नाही. नेतृत्वाचे उत्तरदायित्व मात्र धूसर झाले.

तथापि या शब्दाला केवळ वकिली युक्ती म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यामागील शोक खरा होता, आणि टक्केवारीच्या परिभाषेत बोलणाऱ्या संघटनांपाशी तो व्यक्त करणारा शब्द नव्हता. हे त्यांचे वैगुण्य होय. परतीची वाट न ठेवणारे शब्द निवडणे हे नव्या नेतृत्वाचे.

त्रिसदस्य समितीने विलीनीकरण अमान्य केले. ७ एप्रिल २०२२ रोजी उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले. रूढीनुसार दुखवटा ‘काढण्यास’ आप्तेष्ट येतात. येथे ते काम न्यायालयास करावे लागले.