जुनी विमानं, हवाई सलामी आणि खालची माणसं



वारंगा फाट्यावर विमानांचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. आपल्या फाट्यावरून एक रस्ता नांदेडला जातो, एक हिंगोलीला, एक हदगाव-उमरखेडकडे. विमान फार तर उंचावरून पांढरी रेघ ओढत जातं. पण २६ जानेवारीला आपण सगळेच टीव्हीवर दिल्लीचं संचलन बघतो, आणि शेवटी आकाशातून विमानं जायला लागली की घरातली सगळी हातातलं काम टाकून बघतात. अलीकडच्या काही वर्षांत त्यात एक जुनं, दोन पंख्यांचं, संथ विमान दिसलं. त्याच्याबद्दल बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. अशी हवाई सलामी म्हणजे आठवणीचा फक्त वरचा अर्धा भाग. खालचा अर्धा भाग आपण भरायचा असतो, आणि तो आपण भरत नाही.

हे विमान म्हणजे डकोटा. वायुदलात त्याचं नाव ‘परशुराम’. दुसऱ्या महायुद्धात सैनिक आणि सामान नेण्यासाठी अशी दहा हजारांच्या वर विमानं बनली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटची पहिली पलटण डकोटा विमानांतून श्रीनगरला उतरली. त्या दिवशी पहिल्यांदा उतरलेल्या विमानाचा क्रमांक व्हीपी ९०५ असा सांगितला जातो, आणि तोच आज परशुरामच्या अंगावर रंगवलेला आहे. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच मोहिमेच्या सुरुवातीला मारले गेले.

आता गंमत बघा. हे विमान ते विमान नव्हे. हे परदेशात भंगारात निघालेलं होतं. राजीव चंद्रशेखर यांनी ते मिळवलं, इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि २०१८ साली वायुदलाला भेट दिलं. त्यांचे वडील वायुदलात डकोटाचे वैमानिक होते. म्हणजे शरीर एकाचं, क्रमांक दुसऱ्याचा. इंग्रजांकडेही हेच चालतं. त्यांच्या वायुदलाची जुन्या विमानांची तुकडी १९५७ पासून आहे. तिच्यातलं लँकेस्टर हे बॉम्बफेकी विमान १९४५ साली बनलं, पण प्रत्यक्ष युद्धात एकदाही गेलं नाही. दर काही वर्षांनी त्याच्यावर युद्धात गेलेल्या एखाद्या विमानाची अक्षरं रंगवतात.

मग ही फसवणूक आहे का? काही टीकाकार तसं म्हणतात. मला ते पटत नाही, आणि याचं उत्तर आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी दिलेलं आहे. मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आपल्यातल्या पुष्कळांना माहीत असेल. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्याच मिलिंदाचं नाव दिलं. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? चाकं म्हणजे रथ? आस म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी ठरतं असं, की या सगळ्यांच्या मेळाला व्यवहारात आपण ‘रथ’ म्हणतो. नाव हा व्यवहार आहे.

व्हीपी ९०५ हाही असाच व्यवहार आहे. त्यात खोटं काही नाही. पण नाव आपण ठरवून दिलेलं असेल, तर त्या नावात कोणाला घ्यायचं आणि कोणाला वगळायचं, हेही आपणच ठरवतो. विमान अस्सल आहे का, हा प्रश्न सोपा आहे. आठवण पुरी आहे का, हा खरा प्रश्न.

एक उदाहरण घेऊ. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी या डकोटाबरोबर दोन डॉर्निअर विमानं उडाली. त्या रचनेचं नाव होतं ‘टांगाइल’. हे बांगलादेशातलं गाव. ११ डिसेंबर १९७१ ला तिथे आपले सुमारे ७०० छत्रीधारी सैनिक उतरले आणि त्यांनी पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. ती पलटण होती दोन पॅरा, आणि तिच्या नावापुढे कंसात ‘मराठा’ असं लिहितात, कारण ती मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण. म्हणजे हा विषय आपल्या घरचा निघाला की नाही? खाली कादर सिद्दिकी यांच्या मुक्तिवाहिनीने तो मुलूख आधीच सांभाळून ठेवला होता. वरून उडी मारणारा आणि खालून त्याला सावरणारा, दोघे मिळून टांगाइल होतं.

सलामीत त्यांतलं काय आलं? विमान आलं, नाव आलं. त्याच वर्षी दूरदर्शनने प्रथमच वैमानिकाच्या कक्षातून चित्रण दाखवलं. मोठी छान दृश्यं होती. पण कॅमेरा वर चढला, खाली उतरला नाही. उडी मारणाऱ्याची बाजू नाही, सावरणाऱ्याची तर नाहीच. कीर्तनात टाळ-मृदंगाचा गजर व्हावा आणि बुवा उभे राहायच्या आत मंडळींनी घरी जावं, तसं हे झालं.

गजराला किंमत नाही असं मी म्हणत नाही. संग्रहालयातलं विमान मुकं असतं. उडणाऱ्या विमानाचा आवाज छातीत घुमतो, आणि पुस्तकाला जे जमत नाही ते तो आवाज दोन सेकंदांत करतो. पण त्याची किंमतही मोजावी लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत डल्लासला दोन जुनी लढाऊ विमानं हवेत एकमेकांवर आदळली आणि सहा माणसं गेली. मे २०२४ मध्ये इंग्लंडच्या त्या तुकडीतलं स्पिटफायर कोसळून वैमानिक गेला. जी आठवण जिवावर बेतू शकते, ती अर्धी ठेवणं मला परवडणारं वाटत नाही.

आता आपल्याकडे येऊ. समजा, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, कोणी म्हणालं की आपल्यावरूनही एक जुनं विमान न्या. कोणतं नेणार? १९४८ च्या पोलीस कारवाईत पुण्याहून टेम्पेस्ट विमानं उडाली होती, तेव्हा टेम्पेस्ट. त्यांतली काही नंतर भंगारात निघाली आणि ब्रिटनला गेली. रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयातलं टेम्पेस्ट आपल्या वायुदलातूनच गेलेलं आहे, पण अंगावर रंग ब्रिटिशांचे! तिकडचा डकोटा इकडे भारतीय झाला, इकडचं टेम्पेस्ट तिकडे इंग्रज झालं. नागसेन हसला असता.

आणखी एक. त्याच १९४८ साली सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून निजामाला शस्त्रं पोचवत होता, लँकेस्ट्रियन विमानांतून. लँकेस्ट्रियन म्हणजे त्या लँकेस्टरचंच वाहतुकीसाठी केलेलं रूप. ज्या घराण्याच्या विमानाला बघून इंग्लंडात म्हाताऱ्यांचे डोळे भरतात, त्याच घराण्याचं विमान आमच्याविरुद्ध शस्त्रं वाहत होतं. यात विमानाचा दोष काय? यंत्राला बाजू नसते. बाजू खालच्या माणसांची असते.

आणि इथल्या खालच्या माणसांची आठवण एकसारखी नाही, हेही बोललं पाहिजे. रझाकारांनी लुटलेल्या, जाळलेल्या गावांत टेम्पेस्टचा आवाज सुटकेचा होता. पण कारवाईनंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, त्याचा अहवाल पंडित सुंदरलाल समितीने दिला आणि तो कित्येक दशकं बाहेर आला नाही. एकाच आभाळाखाली दोन घरांत दोन आठवणी आहेत. वरून जाणारं विमान त्यांतली एकच सांगेल, तीही सर्वांत सोपी. मुक्ती खरी होती, म्हणूनच तिची आठवण पुरी सांगायची हिंमत आपल्यात असायला हवी. अर्धी सांगितली की ती मिरवणूक होते.

मग करायचं काय? सलामी बंद करा, असं मी म्हणणार नाही. सलामीबरोबर निवेदनात विमानाच्या वेगाऐवजी माणसांची नावं यावीत. टांगाइल म्हटलं की कादर सिद्दिकी यावेत, श्रीनगर म्हटलं की दिवाण रणजित राय यावेत. एवढं दिल्लीचं काम. आपलं काम वेगळं आहे आणि त्याला वेळ फार थोडा उरलाय. विमानाचा सुटा भाग मिळतो, भंगारातून नवं विमान उभं राहतं. साक्षीदाराचं तसं नाही. १९४८ साली जे मूल आठ-दहा वर्षांचं होतं, ते आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. कळमनुरी तालुक्यात, तुमच्या गल्लीत, दोन्ही बाजूंच्या घरांत अशी माणसं अजून आहेत. आपल्या सगळ्यांच्या खिशात फोन आहे. त्यांच्यासमोर बसा आणि विचारा: आजोबा, आजी, त्या दिवसांत तुम्ही कुठे होता, आभाळात काय दिसलं, आणि नंतर गावात काय झालं? मधे बोलू नका. ऐकून घ्या.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. मी थांबतो.