ब्राइडकर्क येथील बाप्तिस्माकुंड : लिपी आणि भाषा

इंग्लंडच्या कंब्रिया परगण्यातील ब्राइडकर्क येथे, सेंट ब्रिजेटच्या चर्चमध्ये, बाराव्या शतकातील एक कोरीव पाषाणकुंड आहे. त्याच्या एका बाजूस योहानाने ख्रिस्ताला दिलेला बाप्तिस्मा, तर दुसऱ्या बाजूस एक लेख कोरलेला आहे. लेखाची लिपी मुख्यतः स्कँडिनेव्हियन वळणाची रून लिपी असल्याने त्या परिसरात तेव्हा नॉर्स भाषाच नांदत होती, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु ते टिकण्यासारखे नाही. लेखाची भाषा आरंभीची मध्य-इंग्रजी आहे. शिवाय रूनांमध्ये इंग्रजी हस्तलिखितांतील काही अक्षरेही मिसळलेली आहेत. लिपी भाषेहून दीर्घायुषी ठरू शकते, एवढेच येथे सिद्ध होते.

लेखाचे दुसरे वैशिष्ट्य वाङ्मयीन होय. दोन सयमक चरणांत कुंड स्वतःच बोलते : रिकार्थ नामक कारागिराने आपणास घडविले व या वैभवास आणले, असे ते सांगते. त्याच बाजूस हातोडा-छिन्नी घेऊन काम करणारी एक मानवाकृती आहे. ती रिकार्थचीच मानणे सयुक्तिक ठरते. मध्ययुगीन शिल्पी सर्वस्वी अनामिक होता, या रूढ विधानास हे कुंड अपवाद आहे. म्हणून केवळ लिपितज्ज्ञाने अथवा केवळ कलेतिहासकाराने त्याचा विचार करणे अपुरे होय. लेख व शिल्प एकत्रच वाचले पाहिजेत.