एक ग्रॅम रेडियम आणि त्याचे दानपत्र

अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी काढून मादाम क्युरींना एक ग्रॅम रेडियम भेट दिले, ही गोष्ट वर्गात अनेक शिक्षक सांगतात. २० मे १९२१ रोजी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते समारंभ झाला, टाळ्या वाजल्या आणि गोष्ट संपली. आमची तक्रार ती तेथे संपण्याबद्दल आहे. संशोधकाला मिळालेली देणगी कशामुळे उपयोगी पडते, हे सांगणारा भागच गाळला जातो.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी दानपत्र मादाम क्युरींपुढे ठेवण्यात आले. त्यात रेडियम व्यक्तिशः त्यांना दिल्याचे म्हटले होते. असे झाले तर आपल्यामागे ते मुलींची खाजगी मालमत्ता होईल. ते प्रयोगशाळेचेच असले पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. दुरुस्ती नंतर करू, ही सूचना त्यांनी मानली नाही. त्याच रात्री वकील शोधून आणावा लागला. धाकटी मुलगी ईव्ह हिने १९३७ साली लिहिलेल्या चरित्रात हा प्रसंग आहे. पाठ्यपुस्तकी गोष्टींत तो सहसा सापडत नाही.

दुसरा गाळलेला भाग रोजच्या कामाचा. पॅरिसच्या रेडियम संस्थेत तेव्हा ग्रॅमभर रेडियम होतेच. पण ते कर्करोगाच्या उपचारांसाठी रेडॉन पुरवण्यात गुंतले होते. रेडियमच्या ऱ्हासातून रेडॉन वायू निर्माण होतो. तो पंपाने ओढून बारीक काचनळ्यांत भरायचा, नळ्या बंद करायच्या, त्यांचा किरणोत्सार मोजायचा आणि मग त्या रुग्णालयाकडे पाठवायच्या. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे, रेडॉनचे मात्र ३.८ दिवस. म्हणजे द्रव्य पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे, पण त्याचा उपयोग करून देणारा माणूस दर थोड्या दिवसांनी कामावर हवा. (आणि त्या काळी त्याची बोटे भाजण्याची शक्यताही बरीच.)

या वर्गणीच्या सूत्रधार, संपादिका मेलोनी यांनी आवाहनात भर दिला तो रेडियमने कर्करोग बरा होण्यावर. मादाम क्युरींना ते हवे होते संशोधनासाठी. मेलोनीबाईंना आम्ही फार दोष देणार नाही. काचनळ्या आणि साहाय्यकांचे पगार यांसाठी एक लाख डॉलर जमले नसते. रेडियम घेऊनही रक्कम उरली, तेव्हा ती कोणी आणि कशी खर्चायची यावरून समिती आणि मादाम क्युरी यांच्यात मतभेद झाले. १९२९ साली वॉर्सातील रेडियम संस्थेसाठी त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या. काँगोतील खनिजामुळे रेडियम स्वस्त झाले होते. या वेळी पन्नास हजार डॉलर पुरले.

हे सारे जुने झाले, असे आम्हाला वाटत नाही. आम्ही पूर्वी काम करीत असू त्या एका संस्थेला देणगीतून फ्लो सायटोमीटर मिळाला. या यंत्रात रक्तातील पेशी एकामागून एक लेसरच्या झोतातून जातात, आणि ल्युकेमियाच्या पेशी वेगळ्या ओळखता येतात. त्यासाठी चकाकणारी रंगद्रव्ये जोडलेली प्रतिपिंडे लागतात. ती महाग असतात आणि मुदतीनंतर टाकून द्यावी लागतात. देणगीत त्यांच्यासाठी पैसा नव्हता, देखभालीच्या करारासाठी नव्हता, यंत्र चालवणाऱ्यासाठीही नव्हता. दोन वर्षे यंत्रावर आच्छादन राहिले आणि देणगीदाराची पाटी तेवढी पुसली जाई. चूक एकट्या देणगीदाराची नव्हे. अर्ज आम्हीच भरला होता, आणि ‘आवर्ती खर्च’ या रकान्यात ‘संस्था करील’ असे बिनदिक्कत लिहिले होते.

वेगळ्या वाटेचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ सर दोराबजींनी १९३२ साली लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. देशोदेशी ल्युकेमियावर काम करणाऱ्या संशोधकांना हा ट्रस्ट विद्यावेतने देत आला आहे. पाटी लावण्याजोगे त्यात काही नसते.

शिक्षकांनी ही गोष्ट पुढच्या वेळी सांगताना फळ्यावर ३.८ दिवस हा आकडा लिहावा, आणि सोमवारी भरलेल्या नळीत पुढच्या सोमवारी किती रेडॉन उरेल ते मुलांना काढू द्यावे. उत्तर पाव भागाहून थोडे अधिक येते. मग विचारावे : ती नळी पुन्हा भरणाऱ्याचा पगार दानपत्रात कोठे आहे?