आवृत्तिबदल आणि पाठशुद्धी : मराठी संकेतस्थळांच्या संदर्भात

१

अकोला हे दीर्घकाळ दोन मापांच्या रुळांचे स्थानक होते. मुंबई–नागपूर या मुख्य मार्गाचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतराचे, तर पूर्णेहून अकोल्यामार्गे खांडव्याकडे जाणाऱ्या मार्गाचे रूळ १००० मिलिमीटर अंतराचे होते. एका मार्गावरील वाघीण दुसऱ्या मार्गावर चालणे शक्य नव्हते. पूर्णा–अकोला हा भाग २००८ साली रुंद झाला. अकोला–अकोट भागावरील मीटरगेज गाडी २०१७ साली थांबली आणि रुंद रुळांवरून प्रवासी गाडी धावण्यास २०२२ साल उजाडले. मधल्या काळात अकोट होते तेथेच होते. रेल्वेने तेथे जाण्याची सोय तेवढी नव्हती.

संकेतस्थळाच्या आवृत्तिबदलाचे, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘अपग्रेड’ म्हणतात त्याचे स्वरूप या घटनेहून फारसे भिन्न नाही. ग्रंथालये, महाविद्यालये, नियतकालिके यांची बहुतेक संकेतस्थळे आज आशय-व्यवस्थापन प्रणालीवर उभी असतात. लेख डेटाबेसमध्ये राहतो. वाचकाने पृष्ठ मागताच प्रणाली तो लेख मांडणीत बसवून त्याच्यापुढे ठेवते. या व्यवहारात सर्व्हरवरील पीएचपी ही भाषा, मायएसक्यूएलसारखा डेटाबेस, प्रणालीचा गाभा, त्याला जोडलेली प्लगइन्स आणि दर्शनी रूप ठरविणारी थीम असे निदान पाच थर असतात. प्रत्येक थराचे आयुष्य निराळे आणि प्रत्येकाचा निर्माता निराळा. यांतील एकाने माप बदलले की उरलेल्या चारांना ते मानवेलच, अशी शाश्वती नसते.

या विषयावर जे लिहिले जाते ते प्रायः तंत्रज्ञांनी तंत्रज्ञांसाठी लिहिलेले असते. स्थळ पुन्हा उघडले की काम फत्ते झाले, अशी त्यामागची धारणा दिसते. या धारणेचे परीक्षण करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. आवृत्तिबदल म्हणजे संहितेची नवी प्रत करणे होय; म्हणून त्याला पाठचिकित्सेचे निकष लावले पाहिजेत, आणि मराठी संहितेच्या बाबतीत तर ते अधिकच कठोरपणे लावले पाहिजेत, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

सुसंगतीच्या प्रश्नावर प्रणालीकारांचे दोन पंथ आढळतात. पहिला पंथ वर्डप्रेसचा. २००३ साली आरंभ झालेल्या या प्रणालीने जुन्याला सांभाळून घेण्याचे धोरण स्वीकारले. जुलै २०११ मध्ये तिने पीएचपीची ५.२.४ ही किमान आवृत्ती ठरविली, ती मे २०१९ पर्यंत बदलली नाही. त्या पीएचपीचे आयुष्य तोपर्यंत केव्हाच संपले होते. तथापि स्वस्त होस्टिंगवर तग धरून असलेल्या असंख्य लहान स्थळांना या सहिष्णुतेने जगविले, हे नाकारता येणार नाही.

दुसरा पंथ ड्रुपलचा. २००१ पासूनच्या या प्रणालीचा दंडक दीर्घकाळ असा होता की, आशय पुढे नेण्याची वाट ठेवावी, परंतु जुन्या रचनेसाठी लिहिलेली प्लगइन्स व थीम नव्या मुख्य आवृत्तीत चालतीलच अशी हमी देऊ नये. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत हा दंडक टोकास गेला. सातवीवरील स्थळ जागच्या जागी आठवीवर नेता येत नाही; शेजारी नवे स्थळ उभारून त्यात आशय वाहून न्यावा लागतो. पुढे या पंथाने आपले धोरण सौम्य केले आणि आठवीनंतरचे बदल पुष्कळच सुकर झाले. पण सातव्या आवृत्तीत अडकलेल्यांना त्याचा लाभ नव्हता. ती आवृत्ती ५ जानेवारी २०११ रोजी आली आणि तिचा अधिकृत सांभाळ, अनेकदा मुदत वाढवून, ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. सांभाळ बरोबर चौदा वर्षांवर नेणारी ही मुदतवाढ त्या पंथाच्या मूळ भूमिकेवरची एक टीकाच समजली पाहिजे.

मग बदल करूच नये, असे कोणी म्हणेल. परंतु हा मार्ग बंद आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपलच्या गाभ्यातील एक गंभीर दोष जाहीर झाला, तेव्हा जाहीर झाल्यापासून सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपले स्थळ बाधित झाले असे समजून चालावे, असा इशारा खुद्द त्या प्रणालीच्या सुरक्षा-गटानेच नंतर दिला. शिवाय बदलाचा मुहूर्त संस्था ठरवीत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपीच्या सातव्या आवृत्तीतून डेटाबेसशी बोलण्याची जुनी पद्धत काढून टाकण्यात आली, आणि ५.६ या आवृत्तीचा सांभाळ २०१८ च्या अखेरीस थांबला. होस्टिंग देणाऱ्याने आपल्या सर्व्हरवरील जुनी पीएचपी काढली की त्या पद्धतीवर उभे असलेले स्थळ त्याच दिवशी कोरे होते. भाडेकरूने घर बदलले नाही तरी मालकाने जिना बदलला, अशी ही अवस्था होय.

३

दोन्ही पंथांचे गुणदोष सर्व भाषांना समान आहेत. मराठीचा प्रश्न वेगळा होतो तो होस्टिंगच्या मर्यादांपाशी. त्या मर्यादा बाइटमध्ये मोजल्या जातात, आणि बाइट हे सर्व लिप्यांना सारखे वागविणारे माप नाही. आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, मग तो स्वर असो, व्यंजन असो, काना असो वा हलन्त, तीन बाइट घेते. मायएसक्यूएलमधील सामान्य मजकूर-रकान्याची कमाल मर्यादा ६५,५३५ बाइट आहे. इंग्रजी लेखाला तेथे सुमारे ६५ हजार अक्षरे मिळतात. मराठी लेखाला २१,८४५. मोठ्या प्रणाल्या लेखाच्या मुख्य मजकुरासाठी याहून मोठा रकाना वापरतात हे खरे. परंतु स्थानिक प्रोग्रामरने बांधून दिलेल्या जुन्या स्थळांत हाच रकाना सापडण्याचा संभव फार. २०१५ साली आलेल्या ५.७ या आवृत्तीपूर्वी मायएसक्यूएल मर्यादेबाहेरचा मजकूर मूळ मांडणीत नाकारीत नसे. तो केवळ इशारा नोंदवून उरलेला भाग टाकून देई. तो इशारा संपादकाच्या दृष्टीस पडत नसे.

डेटाबेस एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर नेताना हीच विषमता पुन्हा उभी राहते. पीएचपीच्या मूळ मांडणीत चढवावयाच्या फायलीची मर्यादा २ मेगाबाइट आणि एका कामास दिलेला अवधी ३० सेकंद असतो. होस्टिंग देणारे हे आकडे वाढवितात, पण स्वस्त योजनेत ते किती वाढवावयाचे हे ग्राहकाच्या हाती नसते. तितक्याच अक्षरांचा मराठी संग्रह इंग्रजी संग्रहाच्या जवळजवळ तिप्पट भरत असल्यामुळे तो तुकड्यातुकड्यांनी न्यावा लागतो, आणि एखादा तुकडा अर्ध्यावर थांबला तर कोणते लेख पोचले व कोणते राहिले याची मोजदाद कोणी करीत नाही. ड्रुपलच्या नव्या आवृत्त्या कंपोझर या साधनाने उभारावयाच्या असतात. त्यासाठी सर्व्हरवर आज्ञा देण्याची मुभा आणि पुरेशी स्मृती लागते. सामायिक होस्टिंगच्या स्वस्त योजनांत या दोन्हींची वाण असते.

मोडीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते जून २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत. तिच्या प्रत्येक अक्षरास चार बाइट लागतात. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८’ या नावाने जो अक्षरसंच दीर्घकाळ वापरला गेला तो तीन बाइटांपलीकडे जात नाही. चार बाइटांचा संच २०१० मध्ये उपलब्ध झाला आणि वर्डप्रेसने तो एप्रिल २०१५ मध्ये स्वीकारला. पण त्याबरोबर दुसरी अडचण आली. सूचीसाठी त्या काळी ७६७ बाइटांची मर्यादा होती. तीन बाइटांच्या हिशेबाने तीत २५५ अक्षरे बसत, चारांच्या हिशेबाने १९१ च बसू लागली. मोडीतील जुनी कागदपत्रे अक्षरांतरित करून प्रसिद्ध करू पाहणाऱ्या संस्थेला आपल्या होस्टिंगवरील डेटाबेसची आवृत्ती कोणती, हा प्रश्न म्हणूनच संशोधनाचा प्रश्न ठरतो.

४

संहितेइतकाच तिचा पत्ताही महत्त्वाचा असतो. संशोधक ज्या पत्त्याचा हवाला देतो तो पुढील वाचकाला सापडला नाही तर तो हवाला व्यर्थ होय. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून पत्ता घडविते आणि त्यासाठी २०० चिन्हांची जागा देते. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह पत्त्यात सांकेतिक रूपाने नऊ चिन्हांचे होते. म्हणजे मराठी शीर्षकाला अवघी बावीस अक्षरचिन्हे मिळतात. ‘वऱ्हाडातील कापसाच्या बाजाराचा इतिहास’ असे शीर्षक घेतले तर पत्ता ‘वऱ्हाडातील-कापसाच्या-बाज’ येथे तुटतो. ‘वऱ्हाडातील कापसाच्या बाजारपेठा’ हा दुसरा लेख असेल तर त्याचाही पत्ता तोच होऊ पाहतो, म्हणून प्रणाली त्याच्या शेवटी एक आकडा जोडते. स्थलांतराच्या वेळी पत्ते नव्याने घडविले गेले आणि लेखांचा क्रम बदलला, तर आकडा दुसऱ्याच लेखाला चिकटतो. पृष्ठ उघडते, कोणताही दोष दिसत नाही, फक्त हवाला चुकीच्या लेखाकडे नेतो. हरवलेल्या पानापेक्षा हे अधिक घातक आहे, कारण हरवलेले पान निदान हरवल्याचे सांगते.

अक्षरांचीही अशीच नि:शब्द हानी होते. मराठीत ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हे दोन भिन्न शब्द आहेत. पहिला स्वयंपाक करणाऱ्यांविषयी, दुसरा गुरुजनांविषयी. ‘दऱ्या’ डोंगरात असतात, ‘दर्या’ समुद्र असतो. यातील ऱ्य दोन प्रकारांनी टंकित होतो. पहिल्या प्रकारात त्यासाठी स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवावे लागते. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या एखाद्या पायरीने अदृश्य चिन्हे गाळली की दुसऱ्या प्रकारचे सर्व आचारी एका रात्रीत आचार्य होतात. रोमन लिपीपुरता विचार करून लिहिलेल्या शुद्धीकरणाला यात काहीच वावगे दिसत नाही.

युनिकोडपूर्वी तयार झालेल्या स्थळांची गत याहून बिकट आहे. त्यांच्या डेटाबेसमध्ये मराठी नसतेच; रोमन चिन्हांची एक मालिका असते आणि विशिष्ट फॉन्ट तिला मराठीचे रूप देतो. थीम बदलताना तो फॉन्ट गळाला की उरते ती निरर्थक चिन्हावली. वऱ्हाडच्या अभ्यासकाला येथे महानुभावांच्या सकळ लिपीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. रिद्धपूरच्या परिसरात रुजलेल्या त्या पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत सुरक्षित होते. पण विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी त्यांचा उलगडा होईपर्यंत बाहेरच्या अभ्यासकाला ते असून नसल्यासारखे होते. महानुभावांनी आपली किल्ली जाणून जपली होती. संकेतस्थळांची किल्ली मात्र अनवधानाने फेकली जाते.

५

यावर एक आक्षेप संभवतो. लहान संस्थांनी या खटाटोपात पडावेच कशाला? एखाद्या मोठ्या कंपनीच्या फुकट जागेवर मजकूर ठेवावा आणि निश्चिंत असावे. परंतु २००९ साली जिओसिटीज आणि २०१९ साली गूगल प्लस ज्या रीतीने बंद झाले, ते पाहता ही निश्चिंती उसनी आहे. परक्या वाड्यातील ओसरी आपली नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अकोल्यातील एखाद्या ग्रंथालयाजवळ वर्षाकाठी होस्टिंगचे भाडे भरण्याइतकाच पैसा असेल, तर त्याने पाठचिकित्सा कोणाकडून करवावी? याचे उत्तर असे की, तिच्यातील बहुतेक भागाला पैसा लागत नाही, शिस्त लागते. बदलापूर्वी लेखांची संख्या, प्रत्येक लेखाची अक्षरसंख्या आणि त्याचा पत्ता यांची यादी करावी. बदलानंतर तीच यादी पुन्हा करून दोन्ही ताडून पाहाव्यात. ऱ्य, जोडाक्षरे, मोडीतील उतारे असलेले काही लेख आधीच निवडून ते डोळ्यांनी वाचावेत. जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे जाण्याची वाट बांधावी. संपूर्ण संग्रहाची एक प्रत कोणत्याही प्रणालीवर अवलंबून नसलेल्या साध्या मजकूर-रूपात संस्थेच्या कपाटात असावी. होस्टिंग घेताना किती गिगाबाइट जागा, एवढेच न विचारता पीएचपी व डेटाबेसच्या आवृत्त्या, स्मृती, अवधी आणि फायलीची मर्यादा हेही विचारावे. बदल प्रथम शेजारच्या नकलेवर करून पाहावा, आणि ताडून पाहिल्यावाचून कंत्राटदाराचे देयक चुकते करू नये.

यांतील पहिली दोन कामे तंत्रज्ञ करू शकत नाही असे नव्हे. परंतु ‘आचाऱ्यांना’ या शब्दाचे काय झाले हे त्याला कळेलच असे नाही. ते भाषेच्या अभ्यासकाला कळते. हस्तलिखिताची प्रत करणाऱ्याने काय गाळले, काय बदलले आणि काय दोनदा लिहिले हे शोधण्याची विद्या मराठीच्या विभागांत पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली आहे. तिच्या कक्षेत डेटाबेसच्या प्रती आलेल्या नाहीत, एवढाच काय तो अभाव. संकेतस्थळाची नवी आवृत्ती ही संहितेची नवी प्रत आहे असे एकदा मानले, म्हणजे तिची जबाबदारी कोणाची हा प्रश्न उरत नाही.